सेलिब्रिटींचे एथिकल ब्रँड का बुडतात, आणि त्यांच्या नावाचा खरा उपयोग कुठे आहे

एखाद्या स्टारने काढलेला एथिकल, म्हणजे कामगार आणि पर्यावरण यांना न लुबाडता बनवलेल्या, कपड्यांचा ब्रँड बंद पडला की दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे, लोकांना शेवटी स्वस्तच हवं असतं, तोंडाने काहीही बोलोत. दुसरी म्हणजे, हे सगळं ढोंगच होतं हो, प्रायव्हेट जेटने फिरणारी माणसं आपल्याला ऑरगॅनिक कॉटन शिकवणार आणि आपण ऐकायचं. दोन्हींत थोडं तथ्य आहे, नाही असं नाही, पण दोन्ही ऐकून प्रश्न होता तिथेच राहतो, कारण जगातली कितीतरी महागडी ढोंगं मजेत चालू आहेत आणि लोक महाग वस्तू रोज घेतातच. मग नेमका हाच धंदा का बसत नाही? माझं म्हणणं असं आहे की जो प्रश्न नियमांच्या पातळीवरचा आहे तो ही मंडळी एका दुकानात सोडवायला निघतात आणि तिथेच फसतात. त्यात स्टारकडे जी एक खरी ताकद असते, म्हणजे त्याचं नाव, ते तो लेबलवर शिवून टाकतो आणि तिथे ते जवळपास वाया जातं.

एडुनचंच घ्या, कारण तिथे कशाचीच कमी नव्हती. यू-टू बँडचा गायक बोनो आणि त्याची बायको अ‍ॅली ह्यूसन यांनी २००५ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या रोगन ग्रेगरी या डिझायनरला सोबत घेऊन हा ब्रँड काढला. कल्पना सरळ होती, आफ्रिकेला दान नको, काम द्या, तिथे कपडे शिवून घ्या आणि न्यूयॉर्क-लंडनच्या चांगल्या दुकानांत विका. नाव जगभर माहीत, ओळखी राष्ट्राध्यक्षांपर्यंत, प्रसिद्धी फुकट. २००९ मध्ये तर एलव्हीएमएच, म्हणजे लुई व्हिताँची मालक असलेली जगातली सगळ्यात मोठी लक्झरी कंपनी, तिने ४९ टक्के हिस्सा घेतला. याच्या पलीकडे एखाद्या नवीन ब्रँडला अजून काय पाहिजे असतं?

तरी पुढच्याच वर्षी बातम्या आल्या की एडुनचं बरंचसं उत्पादन चीनला गेलंय. आफ्रिकेत माल वेळेवर मिळत नव्हता, फिटिंग आणि फिनिशिंगच्या तक्रारी होत्या. अ‍ॅली ह्यूसन यांनी तेव्हा मोकळेपणाने सांगितलं होतं की सुरुवातीला आम्ही मिशनवर जास्त भर दिला, शेवटी ही फॅशन कंपनी आहे आणि कपडा आधी. नंतर नवीन डिझायनर आले, न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये शो झाले, आफ्रिकेतलं उत्पादन हळूहळू परत वाढवलं गेलं, पण तोटा काही थांबला नाही, आणि जून २०१८ मध्ये एलव्हीएमएचने अंग काढून घेतलं आणि अमेरिकेतलं कामकाज गुंडाळायची घोषणा झाली.

आता यात ढोंग कुठे आहे? मला तरी दिसत नाही. इतकी वर्षं तोटा सोसून कोणी ढोंग करत नाही, ढोंग करायचे यापेक्षा स्वस्त मार्ग आहेत. शिवाय उत्तर युगांडात गुलूच्या भागात, जिथे वर्षानुवर्षांच्या यादवीनंतर लोक छावण्यांमधून आपल्या शेतांवर परतत होते, तिथे यांनी हजारो शेतकऱ्यांना कापूस लावायला मदत केली. हे काम खरं होतं आणि ते हसण्यावारी न्यायची माझी अजिबात इच्छा नाही.

मग अडलं कुठे, तर कपड्यांच्या धंद्याच्या कॅलेंडरमध्ये. फेब्रुवारीत रॅम्पवर दिसलेला कपडा ऑगस्टमध्ये दुकानात लागतो, मधल्या सहा महिन्यांत ऑर्डर घ्यायची, कापड बुक करायचं, शिवून घ्यायचं, पाठवायचं. डिपार्टमेंट स्टोअर डिलिव्हरीची एक खिडकी ठरवून देतं, त्या तारखांमध्ये माल आला तर ठीक, नाही आला तर ऑर्डर रद्द किंवा मोठा डिस्काउंट द्या, आणि पैसे तर माल पोचल्यावर महिना-दोन महिन्यांनी. आता युगांडाला समुद्रकिनारा नाही, कंटेनर आधी केनियातल्या मोम्बासा बंदरापर्यंत रस्त्याने न्यायचा. आत कापूस पिकतो भरपूर, पण त्यातला बहुतेक रुई म्हणूनच बाहेर जातो, कारण सूत काढणाऱ्या, कापड विणणाऱ्या, रंगवणाऱ्या गिरण्याच पुरेशा नाहीत. चेन, बटण, अस्तर, लेबल सगळं बाहेरून मागवायचं. यातली एक चेन कस्टममध्ये दहा दिवस अडकली की अख्खा सीझन गेला. मोठ्या कंपनीला हे परवडतं, ती उशीर झाला तर विमानाने माल उचलते, किंवा दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या फॅक्टरीला तीच ऑर्डर देते. छोट्या ब्रँडकडे दुसरी फॅक्टरी नसते. आणि एथिकल ब्रँडला तर ती असूनही चालत नाही, कारण तपासून, ऑडिट करून, विश्वास ठेवून निवडलेली ती एकच.

त्यात संख्या. रंगाचं एक भांडं लावायचं तर गिरणीला किमान इतके मीटर कापड लागतंच, तुम्ही तीनशे शर्ट पाच रंगांत मागितले तर गिरणीवाला एकतर नाही म्हणतो किंवा असा भाव सांगतो की शर्ट शिवायच्या आधीच महाग झालेला असतो. ऑर्गॅनिक सर्टिफिकेटचा खर्च, ऑडिटचा खर्च, सॅम्पलचा खर्च हे तीनशे शर्टांवर वाटायचे का तीन लाखांवर, यावरच खेळ आहे सगळा.

इथे मला एक आकडा फार महत्त्वाचा वाटतो. क्लीन क्लोद्स कॅम्पेन या संघटनेने युरोपात २९ युरोला विकल्या जाणाऱ्या एका टीशर्टची फोड करून दाखवली होती, त्यात तो शिवणाऱ्या कामगाराच्या वाट्याला येतात १८ सेंट. शंभर सेंटचा एक युरो, त्यातले अठरा. म्हणजे उद्या त्या कामगाराचा पगार दुप्पट केला तरी टीशर्टचा खर्च १८ सेंटने वाढणार, बरं मधल्या प्रत्येकजणाने आपली टक्केवारी त्यावर लावली असं धरू, कारण ते लावतातच, तरी फार तर एखादा युरो इकडेतिकडे होईल. मग एथिकल टीशर्ट तिप्पट-चौपट महाग का असतो? कामगाराला नीट पगार दिला म्हणून तर नक्कीच नाही. मुख्यतः तो छोट्या कंपनीने थोड्या संख्येने बनवलेला असतो म्हणून. आणि हे लोकांच्या डोक्यात कायमचं उलटं बसलंय. या ब्रँडनी नकळत जगाला हेच शिकवलं की कामगाराला न्याय द्यायचा म्हणजे कपडा श्रीमंतांपुरताच राहणार, आणि हा गैरसमज स्वस्त कपडे विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना फार सोयीचा आहे, त्यांना तो स्वतःहून पसरवायचीही गरज पडली नाही.

सेलिब्रिटी आला की हा खर्च कमी होण्याऐवजी वाढतो, हे अजून एक. नाव मोठं म्हणून शो मोठा हवा, डिझायनर नावाजलेला हवा, न्यूयॉर्कला ऑफिस हवं, मासिकात फोटो यायला हवेत. एखादी साधी को-ऑपरेटिव्ह साधे कुर्ते आणि शर्ट विकून पंधरा-वीस वर्षं गुपचूप टिकते, कारण तिला कोणाला दिपवायचं नसतं. स्टारच्या ब्रँडला पहिल्या दिवसापासून दिपवावं लागतं. बरं, नावामुळे पहिली खरेदी होते हे खरंय, फॅन एकदा घेतो, पण दुसऱ्यांदा तो माप, कापड आणि किंमत बघूनच घेतो, आणि कपड्यांचा धंदा दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीवर चालतो.

ऑलबर्ड्सचं काय झालं ते बघा. लोकरीचे बूट बनवणारी ही कंपनी, पर्यावरणाचा मोठा गाजावाजा, लिओनार्डो डिकॅप्रिओने २०१८ मध्ये पैसे घातले आणि नावही दिलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचा शेअर १५ डॉलरने बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी जवळपास दुप्पट झाला. मग बाजाराला वाढ हवी म्हणून यांनी लेगिंग्ज काढल्या, पळण्याचे बूट काढले, दुकानांवर दुकानं उघडली, आणि जो ग्राहक त्या एका साध्या आरामदायी बुटासाठी आलेला तो बाजूला राहिला. २०२४ पर्यंत शेअर एका डॉलरच्याही खाली गेला, वीस शेअर जोडून एक करावा लागला. आता या सगळ्यात डिकॅप्रिओचं नाव असून काय फरक पडला? चढताना थोडा पडला असेल. उतरताना शून्य.

आणि टिकले ते कसे टिकले, तेही सांगायला पाहिजे. आलिया भटचा एड-ए-मम्मा हा मुलांच्या कपड्यांचा ब्रँड २०२० मध्ये आला, २०२३ मध्ये रिलायन्सने त्यात ५१ टक्के घेतले. म्हणजे फिरून तेच, नावाने दार उघडतं, पण आत राहायचं तर कोणातरी महाकाय कंपनीची गोदामं आणि दुकानं लागतात. यात वाईट काही नाही, फक्त मग निर्णय कोणाच्या हातात राहतो हे कळायला ५१ हा आकडा पुरेसा आहे.

आता मोठ्या चित्राकडे येतो, कारण मला यातच खरा रस आहे.

एडुन सुरू झालं २००५ च्या सुरुवातीला. आणि १ जानेवारी २००५ ला काय झालं होतं, तर १९७४ पासून जगातल्या कपड्यांच्या व्यापारावर असलेला कोटा संपला. मल्टिफायबर अ‍ॅरेंजमेंट म्हणायचे त्याला. कुठल्या देशाने श्रीमंत देशांना किती शर्ट, किती पँट विकायच्या याची मर्यादा होती, आणि ती मर्यादा होती म्हणूनच आशियातले कारखानदार लेसोथोसारख्या आफ्रिकेतल्या छोट्या देशांत जाऊन कारखाने टाकत होते, कारण तिथला कोटा रिकामा होता, शिवाय २००० सालच्या आगोआ या अमेरिकन कायद्यामुळे आफ्रिकेतून ड्युटी माफ. कोटा उठला आणि त्या सुमारास लेसोथोतल्या काही कारखान्यांचे कामगार ख्रिसमसच्या सुट्टीनंतर परत आले तर गेटला कुलूप, मालक देश सोडून गेलेले. हजारो नोकऱ्या काही महिन्यांत गेल्या. म्हणजे ज्या वर्षी जागतिक नियम बदलून आफ्रिकेतला कपडा उद्योग मुळापासून हादरला, नेमक्या त्याच वर्षी एक गायक आणि त्याची बायको चांगल्या मनाने तिथे महागडे कपडे शिवून घ्यायला निघाले. त्यांनी कितीही उत्तम जीन्स काढली असती तरी काय होणार होतं?

शेवटही बघा कसा जुळून आला. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी ठरवलं की श्रीमंत देशांतून गासड्या भरभरून येणारे वापरलेले कपडे हळूहळू बंद करायचे, म्हणजे आपल्याकडे शिवलेल्या कपड्याला निदान आपल्याकडे तरी गिऱ्हाईक मिळेल. रवांडाने तर ड्युटी किलोमागे वीस सेंटवरून थेट अडीच डॉलर केली. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली, अमेरिकेने आगोआची सवलत काढून घेण्याची धमकी दिली, बाकीचे देश एकेक करून मागे हटले. रवांडा हटला नाही. जुलै २०१८ मध्ये रवांडाच्या कपड्यांची ड्युटीमाफी अमेरिकेने थांबवली. जून २०१८ मध्ये एडुन, जुलै २०१८ मध्ये रवांडा. एक गोष्ट फॅशनच्या पानावर आली आणि दुसरी व्यापाराच्या, त्यामुळे दोन्ही एकत्र वाचल्या गेल्या नाहीत, पण खरं तर आफ्रिकेला दान नको काम द्या ही एकच गोष्ट आहे, आणि तिचा निकाल बुटीकमध्ये न लागता टॅरिफच्या टेबलावर लागला.

कोणी म्हणेल गायकाने टॅरिफचं काय करायचं. पण बोनोने नेमकं तेच करून दाखवलंय हो! गरीब देशांची कर्जं माफ करा म्हणून त्याने वर्षानुवर्षं मंत्र्यांचे, सिनेटरांचे उंबरे झिजवले, उजव्या विचारांच्या लोकांकडेही गेला, टिंगल सहन केली, आणि २००५ मध्येच, एडुनच्याच वर्षी, जी-८ देशांनी १८ गरीब देशांचं जवळपास ४० अब्ज डॉलरचं कर्ज माफ करायचं ठरवलं, त्यातले १४ देश आफ्रिकेतले, युगांडा त्यात होता. अर्थात हे एकट्याचं काम नव्हे, जगभरच्या चर्च संघटना, विद्यार्थी, अर्थतज्ज्ञ त्यामागे होते. पण एका माणसाने एकाच वर्षी आपलं नाव दोन ठिकाणी लावलं, एकदा लेबलवर, एकदा करारामागे. कुठल्या ठिकाणी काय निघालं ते समोर आहे.

त्याच्याच २००६ च्या रेड या उपक्रमाकडे कोणी बोट दाखवेल, की हा ब्रँडच आहे आणि चाललाय. चाललाय, एड्स, टीबी आणि मलेरियाशी लढणाऱ्या ग्लोबल फंडला ७० कोटी डॉलरच्या वर पैसे मिळालेत त्यातून, फार मोठी गोष्ट आहे. पण का चालला? कारण तिथे कंपन्यांना त्यांच्या फॅक्टरीत फारसं काही बदलावं लागलं नाही. वस्तू तीच, कारखाना तोच, रंग लाल आणि नफ्यातला हिस्सा औषधांना. म्हणजे ते दानच आहे, चांगलं दान आहे, पण कपडा कसा बनतो या प्रश्नाला त्याने हातसुद्धा लावला नाही.

आता नावाचा उलटा उपयोग. मला या सगळ्या विषयातली सगळ्यात बोलकी व्यक्ती बोनो वाटत नाही, कॅथी ली गिफर्ड वाटते. अमेरिकेतली टीव्हीवरची लाडकी होस्ट, वॉलमार्टमध्ये तिच्या नावाची कपड्यांची लाइन, आणि गंमत म्हणजे त्यातल्या कमाईचा काही भाग मुलांच्या संस्थेला जायचा. १९९६ मध्ये चार्ल्स कर्नॅगन नावाच्या कामगार कार्यकर्त्याने अमेरिकन काँग्रेससमोर सांगितलं की हे कपडे होंडुरासमधल्या एका कारखान्यात अल्पवयीन मुली शिवतात. आधी बाई टीव्हीवर रडल्या, चिडल्या, कोर्टात खेचायची भाषा केली. महिनाभरात न्यूयॉर्कमध्येच एक कारखाना निघाला जिथे तिच्या लाइनचे कपडे शिवणाऱ्यांचे पगार थकलेले, तर तिचा नवरा, अमेरिकन फुटबॉलचा माजी खेळाडू फ्रँक गिफर्ड, स्वतः तिथे जाऊन कामगारांना तीनशे-तीनशे डॉलरची पाकिटं वाटून आला. हा फोटो-ऑपचा प्रकार होता, मान्य. पण त्यानंतर तिने बाजू बदलली, कामगार मंत्री रॉबर्ट राइश यांच्यासोबत उभी राहिली, आणि त्याच वर्षी व्हाइट हाउसमध्ये कंपन्या आणि कामगार संघटनांना एका टेबलावर बसवलं गेलं. तोपर्यंत कंपन्या सरळ म्हणायच्या की कारखाना आमचा नाही, कंत्राटदाराचा आहे, आम्हाला काय माहीत. ते वाक्य त्यानंतर इतक्या सहज कोणाला म्हणता आलं नाही.

लक्षात घ्या, तिने एकही एथिकल टीशर्ट विकला नव्हता. तिचं नाव अडकलं होतं, बस्स. स्टारच्या नावाची किंमत इथे आहे, त्याला लाज आणता येते. होंडुरासमधल्या कंत्राटदाराला कोणी ओळखत नाही, त्याला लाज कशाची? वॉलमार्टच्या खरेदी खात्यातल्या माणसाला कोण विचारतो? पण रोज सकाळी टीव्हीवर हसणाऱ्या बाईला अख्खा देश विचारतो.

पण नुसती लाज पुरत नाही हेही त्याच गोष्टीत आहे. त्या टेबलावरून पुढे फेअर लेबर असोसिएशन ही कारखान्यांवर नजर ठेवणारी संस्था निघाली, आणि अटी इतक्या सौम्य झाल्या की कपडा कामगारांची युनियन १९९८ मध्ये बाहेर पडली. ऐच्छिक नियमांचं हे असंच होतं, सही करायला सोपे, मोडायलाही सोपे. गायिका बियॉन्सेच्या आयव्ही पार्क या कपड्यांच्या ब्रँडवर २०१६ मध्ये बातम्या आल्या की श्रीलंकेत हे कपडे शिवणाऱ्या बायकांना दिवसाला चार-सव्वाचार पाउंड मिळतात, तर कंपनीने सांगितलं आमचा एथिकल ट्रेडिंगचा कडक कार्यक्रम आहे, आणि पगार श्रीलंकेच्या किमान वेतनापेक्षा जास्तच होता. बेकायदा काहीच नव्हतं! हाच तर मुद्दा आहे. दोन दिवस आरडाओरडा झाला आणि विषय मिटला, कारण कायद्याची रेघच इतकी खाली होती की तिच्यावरून चालणं सगळ्यांना जमतं.

याच्या उलट बांगलादेश. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली. त्यानंतर काही आठवड्यांत ब्रँड आणि युनियन यांच्यात अ‍ॅकॉर्ड नावाचा करार झाला, आणि त्यात वेगळं काय होतं, तर ब्रँडची सही कायद्याने बांधणारी होती. पुढे दोनशेच्या वर ब्रँड आले, सोळाशेच्या आसपास कारखाने तपासले गेले, जिने, वायरिंग, आगीची दारं दुरुस्त झाली, आणि जे ब्रँड टाळाटाळ करत होते त्यांच्यातल्या दोघांना युनियननी हेगच्या लवादापुढे ओढलं, एकाने २०१८ च्या सुरुवातीला २३ लाख डॉलर देऊन मिटवलं. यातल्या किती कंपन्या स्वतःला एथिकल म्हणवत होत्या? फारशा नाहीत. त्या चांगल्या झाल्या म्हणून जिने दुरुस्त झाले असं मला वाटत नाही, त्यांना सुटका नव्हती म्हणून झाले. पगार मात्र या करारात नव्हता, फक्त सुरक्षितता होती, त्यामुळे याला स्वर्ग समजायचं कारण नाही.

सगळ्यात मजबूत आक्षेप मला असा वाटतो की छोटा ब्रँड हा नमुना असतो, तो दाखवून देतो की असं करता येतं, आणि मग मोठे शिकतात. हे काही अंशी खरंय. स्टेला मॅकार्टनीने २००१ पासून लेदर आणि फर न वापरता लक्झरी ब्रँड चालवून दाखवला, आधी लोक हसले, नंतर मोठमोठ्या फॅशन घराण्यांनी फर सोडली. बीटल्स बँडच्या पॉल मॅकार्टनीची मुलगी म्हणून दार लवकर उघडलं असेल, पण ती शिकलेली, कसलेली डिझायनर आहे, नुसतं नाव देणारी नाही. आणि तिचंही गणित सोपं कधीच नव्हतं, अर्धा वाटा आधी गुच्ची ग्रुपकडे होता, तो २०१८ मध्ये तिने परत घेतला, २०१९ मध्ये एलव्हीएमएच आलं, जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याकडूनही परत घेतला, मधल्या काळात तोट्याच्या बातम्या. पण तीच बाई काय सांगत आलीये ते ऐका, की अमेरिकेत लेदर नसलेल्या तिच्या मालावर लेदरच्या मालापेक्षा जास्त ड्युटी लागते. म्हणजे प्राणी न मारता बॅग बनवली तर सरकार दंड लावतं. २०२१ मध्ये कॉर्नवॉलला जी-७ ची बैठक झाली तिथे ती नेत्यांना भेटायला गेली ती नियम आणि करसवलती मागायला. वीस वर्षं नमुना दाखवल्यावर तिलाही जाऊन उभं राहावं लागलं ते शेवटी त्याच दारात.

नमुना लागतो, नाही म्हणत नाही. पण नमुने आता पुरेसे झालेत असं माझं मत आहे. चांगला कपडा बनवता येतो हे सिद्ध करून झालंय, पुन्हा पुन्हा, दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी नवीन चेहरा येऊन ते पुन्हा सिद्ध करतो आणि पुन्हा बुडतो. सल्ला देणाऱ्यांचंही तेच, रेड कार्पेटवर सस्टेनेबल गाउन आणणारी लिव्हिया फर्थ यांची इको-एज ही सल्लागार कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. कंपन्यांनी ऐच्छिक चांगुलपणावर खर्च करायचं ठरवलं तोवर ठीक, बाजार मंदावला की पहिली कात्री तिथेच लागते.

आता टेबलावर आहे काय ते सांगतो. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये एक कायदा मंजूर केला, मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीतल्या माणसांची आणि पर्यावरणाची जबाबदारी घ्यायची, कंत्राटदाराकडे बोट दाखवायचं नाही. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, त्याची तारीख पुढे ढकलली गेली आणि तरतुदी पातळ करायचं काम सुरू झालं, कारण उद्योगांचे लॉबिस्ट ब्रसेल्समध्ये पूर्ण पगारावर बसलेले असतात. न्यूयॉर्क राज्यात जानेवारी २०२२ मध्ये फॅशन अ‍ॅक्ट नावाचं विधेयक आलं, त्याला सुरुवातीलाच पाठिंबा देणाऱ्यांत स्टेला मॅकार्टनी होती. कॅलिफोर्नियाने मात्र २०२१ मध्ये कायदा केलाच, राज्यातल्या शिवणकाम कारखान्यांत नगावर मजुरी द्यायची पद्धत बंद, तासावर पगार, आणि पगार बुडवला तर ब्रँडही जबाबदार. तो कायदा रेटला मुख्यतः शिवणकाम करणाऱ्या स्थलांतरित बायकांनी आणि त्यांच्या संघटनेने, आधीच्या प्रयत्नात हरल्यावर पुन्हा.

हे काम कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे. समितीपुढे बसायचं, कलम वाचायचं, दुरुस्ती सुचवायची, हरायचं आणि पुढच्या अधिवेशनात परत यायचं. याचा फोटो चांगला येत नाही, त्यात लोगो नाही, लाँच पार्टी नाही. वर त्यात स्टारला खरा धोका आहे, कारण कायद्याच्या बाजूने उभं राहिलं की ज्या मोठ्या फॅशन कंपन्यांच्या जाहिरातींतून त्याचं घर चालतं त्या नाराज होणार. लुई व्हिताँच्या जाहिरातीत बोनो आणि अ‍ॅली ह्यूसन दोघंही झळकले होते २०१० मध्ये, एडुनचे कपडे घालूनच. स्वतःचा छोटा ब्रँड काढला तर कोणी नाराज होत नाही, उलट ४९ टक्के विकत घेतात. एथिकल ब्रँड काढणं हा स्टारसाठी सगळ्यात सुरक्षित पर्याय आहे, पैसे बुडतात पण ओळखी टिकतात, आणि म्हणूनच दर थोड्या वर्षांनी नवा ब्रँड येतो पण ब्रसेल्समध्ये कलम पातळ होत असताना एकही ओळखीचा चेहरा त्या खोलीबाहेर उभा दिसत नाही.